प्रोसेसर तापतोय? आधी तापमानाची चढण वाचा, मग स्क्रूड्रायव्हर घ्या

पहिल्यांदा स्वतःच्या हाताने गेमिंग कॉम्प्युटर जोडला तेव्हा मी एका आठवड्यात थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता कूलरमध्ये जावी म्हणून दोघांच्या मध्ये लावतात तो लेप, तीनदा बदलली होती. गेम सुरू केला की दहा मिनिटांत प्रोसेसर नव्वदीत. पेस्ट कमी पडली असेल म्हणून जास्त लावली, जास्त झाली असेल म्हणून कमी केली, मग पेस्टच हलकी असेल म्हणून दुसरी आणली. तिसऱ्यांदा कूलर उतरवताना पंख्याची वायर हाताने धरून मागे मागे गेलो, तर ती कॅबिनेटच्या पंख्यांसाठी असलेल्या पिनांवर जोडलेली. त्या पिना मदरबोर्डचं तापमान बघून पंख्याचा वेग ठरवत होत्या. प्रोसेसर भाजून निघत होता, मदरबोर्ड निवांत होता, म्हणून पंखाही निवांत. कहर म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना रोज ‘सीपीयू फॅन एरर’ असा इशारा यायचा, आणि कटकट नको म्हणून मीच तो बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या पानावर, जाऊन बंद केला होता.

पंख्याच्या फेऱ्यांचा आकडा पहिल्या दिवसापासून स्क्रीनवर दिसत होता. मी फक्त तापमान बघत होतो. हा लेख त्याच चुकीवर उभा आहे: तापमान किती झालं यापेक्षा ते किती वेळात आणि कसं चढलं हे बघितलं, तर दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा कॅबिनेट न उघडताच कळतं.

मुळात किती म्हणजे जास्त?

प्रत्येक प्रोसेसरला कंपनीने कमाल तापमान ठरवून दिलेलं असतं. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरसाठी ते १०० अंश सेल्सिअस आहे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत बहुतेकांसाठी ९५, पण त्यातल्याच रायझन ७ ७८००एक्स३डी साठी ८९. त्याआधीच्या रायझन ७ ५८००एक्स साठी ९०. तुमच्या प्रोसेसरचा आकडा कंपनीच्या त्या मॉडेलच्या माहितीपानावर मिळतो. सगळ्यात आधी तो बघून ठेवा. ‘८५ म्हणजे डेंजर’ असे सरसकट नियम सांगणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

या मर्यादेला पोचल्यावर प्रोसेसर जळत नाही. तो स्वतःच वेग कमी करतो, वीज कमी घेतो आणि मर्यादेच्या आत राहायला बघतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. एवढं करूनही तापमान वरच जात राहिलं तर कॉम्प्युटर धाडकन बंद होतो. म्हणजे नव्याने आलेल्याची ‘आत्ताच फुंकला जाईल का?’ ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. नुकसान होतं ते खेळण्याचं: मध्येच फ्रेम (सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं) कमी होतात, गेम अडखळतो, पंखे विमानासारखे ओरडतात.

माझा स्वतःचा अंदाज असा: गेम खेळताना ६० ते ८० च्या मध्ये असाल तर खुशाल खेळा. ८५ च्या वर सतत राहत असेल तर थोडा वेळ काढून बघा. मर्यादेला चिकटून बसत असेल आणि सोबत फ्रेम पडत असतील, तर आजच बघा. रायझन ७००० चे एक्स अक्षर असलेले मोठे प्रोसेसर मात्र पूर्ण भाराखाली ९५ ला जाऊन तिथेच थांबतात, आणि ते मुद्दाम तसे बनवलेले आहेत. जितका थंडावा मिळेल तितका वेग वाढवत न्यायचा, ९५ आलं की तिथे थांबायचं, अशी त्यांची रीत. सिनेबेंचमध्ये (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा चाचणीचा प्रोग्रॅम) ९५ दिसलं म्हणून कूलर बदलायला धावू नका.

पहिली पायरी: चार आकडे एकत्र बघा

एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या आणि सुरू होताना ‘फक्त सेन्सर’ हा पर्याय निवडा. समोर आकड्यांचा डोंगर येईल. घाबरू नका, आपल्याला चारच ओळी हव्या आहेत: प्रोसेसरचं तापमान (इंटेलवर ‘सीपीयू पॅकेज’, रायझनवर ‘टीसीटीएल/टीडाय’), तो खात असलेले वॅट (‘पॅकेज पॉवर’), कोअरचा (प्रोसेसरमधल्या एकेका काम करणाऱ्या भागाचा) वेग आणि सीपीयू पंख्याच्या फेऱ्या. पाचवा आकडा खोलीच्या तापमानाचा, तो साध्या थर्मामीटरवर बघून कागदावर लिहा. खोली जितके अंश तापते, साधारण तितकेच अंश प्रोसेसरही वर जातो. थंडीत ७२ वर चालणारा कॉम्प्युटर कडक उन्हाळ्यात ८५ दाखवत असेल, तर त्यात बिघाड काहीच नाही.

बायोसमधलं तापमान धरून चालू नका. बायोसमध्ये प्रोसेसर विश्रांतीच्या अवस्थेत जात नाही, त्यामुळे तिथला आकडा विंडोजमधल्या रिकाम्या अवस्थेपेक्षा जास्त दिसतो. जुनं काही वापरत असाल तर आणखी एक गंमत: २०१७ च्या रायझन ७ १७००एक्स आणि १८००एक्स या प्रोसेसरचा टीसीटीएल आकडा खऱ्या तापमानापेक्षा २० अंश जास्त असतो. पंखे लवकर जोरात फिरावेत म्हणून तो मुद्दाम तसा ठेवलेला आहे.

आता दोन चाचण्या. पहिली: सगळे प्रोग्रॅम बंद करून सिनेबेंच दहा मिनिटं चालवा. दुसरी: तुमचा नेहमीचा सगळ्यात जड गेम अर्धा तास खेळा. दोन्ही वेळा एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमानाच्या ओळीवर दोनदा क्लिक करा, म्हणजे आलेख उघडतो. पाच सेकंदांनी किती, एका मिनिटाने किती, दहा मिनिटांनी किती, आणि त्या वेळी वॅट किती हे टिपून ठेवा. आलेखाची ही चढणच आपली नाडीपरीक्षा.

चढण काय सांगते

चाचणी सुरू झाल्या झाल्या दोन-तीन सेकंदांत तापमान थेट मर्यादेला टेकलं आणि वॅट मात्र फारसे नाहीत, तर उष्णता प्रोसेसरमधून कूलरमध्ये पोचतच नाहीये. कूलर नीट बसलेला नाही, पेस्ट वाळली आहे किंवा दोघांच्या मध्ये काहीतरी आहे. इथे वॅटचा आकडा निर्णायक असतो. समजा तुमचा प्रोसेसर ६५ वॅट वर्गातला रायझन आहे. त्याला जास्तीत जास्त ८८ वॅट घ्यायची परवानगी असते. तो ६० वॅटवरच ९५ अंश दाखवत असेल तर कूलर उतरवायलाच हवा. उलट आय९-१३९००के हा प्रोसेसर त्याची २५३ वॅटची पूर्ण मुभा वापरून १०० अंशांवर बसला असेल, तर तिथे बोटाच्या पेराएवढ्या चिपमधून छोट्या हीटरची उष्णता बाहेर पडतेय. त्याला पेस्ट बदलून काय फरक पडणार?

एक सावधगिरी. नव्या प्रोसेसरमधल्या चिप इतक्या लहान असतात की कूलर उत्तम बसलेला असला तरी भार येताच १५-२० अंशांची उडी मारतात. ती उडी बघून निदान करू नका. उडी मारून तापमान कुठे थांबलं ते बघा.

तापमान एक-दोन मिनिटांत वर जाऊन ८५-९० वर सपाट झालं आणि वॅटही भरपूर आहेत, तर कूलर आपलं काम करतोय, पण त्याच्यावर बोजा जास्त आहे. एक तर कूलर लहान आहे, नाही तर मदरबोर्ड प्रोसेसरला हवी तितकी वीज ढोसू देतोय.

सिनेबेंचमध्ये सगळं ठीक, पण गेम खेळताना पंधरा-वीस मिनिटांत तापमान हळूहळू चढत जातं, अशी तक्रार गेमिंग कॉम्प्युटरमध्ये सगळ्यात जास्त दिसते. इथे प्रोसेसर निर्दोष असतो. ग्राफिक्स कार्ड २००-३०० वॅट उष्णता कॅबिनेटमध्ये ओतत असतं आणि ती बाहेर पडायला वाट नसते. मग प्रोसेसरचा कूलर त्याच गरम हवेने प्रोसेसर गार करायला बघतो.

आणि काहीच चालू नसताना तापमान ३८, ५५, ४१, ५८ असं करवतीच्या दातांसारखं वर-खाली होतं? त्यात दोष नाही. एखादं छोटं काम आलं की प्रोसेसर क्षणभर वेग वाढवतो आणि परत झोपतो. पंखा त्या प्रत्येक दाताला प्रतिसाद देऊन भूं-भूं करत असेल, तर बायोसमध्ये पंख्याचा वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबण्याचा पर्याय असतो. तो वाढवा, आवाज थांबेल.

दुसरी पायरी: हात न लावता करायच्या गोष्टी

बायोसमधून किंवा मदरबोर्डच्या सॉफ्टवेअरमधून सगळे पंखे १०० टक्क्यांवर नेऊन तीच चाचणी पुन्हा करा. आवाज सहन करा, दहा मिनिटांचा प्रश्न आहे. तापमान चांगलं खाली आलं तर दोष पंख्यांच्या वेगाच्या मांडणीत आहे. ती थोडी वर ओढली की काम झालं. काहीच फरक पडला नाही तर हवा वाढवून उपयोग नाही, उष्णता आधीच कुठेतरी अडली आहे. याच वेळी सीपीयू पंख्याच्या फेऱ्या खरंच वाढतात का तेही बघा. माझं घोडं इथेच पेंड खात होतं.

मग कॅबिनेटची बाजूची काच किंवा पत्रा काढून ठेवा आणि तोच गेम, तीच जागा, अर्धा तास. तापमान पाच-सात अंशांनी किंवा त्याहून जास्त उतरलं तर निदान पक्कं: कॅबिनेट गुदमरतंय. उघड्या बाजूने कायम चालवणं हा इलाज मात्र नव्हे. धूळ थेट आत जाते, आणि घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर विचारूच नका.

विंडोजकडेही एकदा बघा. काहीही उघडं नसताना प्रोसेसर वीस-तीस टक्के वापरात असेल तर टास्क मॅनेजरमध्ये कोण आहे ते शोधा. बहुतेक वेळा अपडेट, अँटिव्हायरसची तपासणी किंवा चाळीस टॅब उघडलेला ब्राउझर सापडतो. फुकटच्या ‘क्रॅक’ गेमसोबत आलेलं, गुपचूप क्रिप्टो चलन खोदणारं सॉफ्टवेअरही असू शकतं. यातली काही इतकी लबाड असतात की टास्क मॅनेजर उघडला की काम थांबवतात. म्हणून रिकाम्या अवस्थेतले वॅट एचडब्ल्यूइन्फोमध्ये बघा. टास्क मॅनेजर उघडताच वॅट आणि तापमान दोन्ही झपकन उतरत असतील तर संशयाला जागा आहे.

गेमच्या बाबतीत दोन गोष्टी नव्या माणसाला चकवतात. एक, नवा गेम किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरचं अपडेट आल्यावर पहिल्यांदा ‘शेडर तयार होत आहेत’ अशी पट्टी दिसते (शेडर म्हणजे गेममधलं चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम). त्या काही मिनिटांत प्रोसेसरचे सगळे कोअर पूर्ण ताकदीने चालतात. तेव्हाचं तापमान मोजू नका. दोन, फ्रेमवर मर्यादा नसेल तर गेमच्या मेनूमध्येसुद्धा कॉम्प्युटर सेकंदाला शेकडो फ्रेम काढत बसतो. तुमचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ फ्रेम दाखवणारा, असेल तर १४० च्या आसपास मर्यादा घाला. दिसण्यात क्वचितच फरक पडतो, तापमान मात्र उतरतं. हा सगळ्यात स्वस्त इलाज आणि बहुतेकांनी कधी करूनच बघितलेला नसतो.

तिसरी पायरी: हवेची वाट मोकळी करा

कॉम्प्युटर बंद करा, मागची वायर काढा आणि पॉवरचं बटण एकदा दाबा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. आता टॉर्च मारून बघा.

पंख्याची हवा कोणत्या बाजूने बाहेर पडते हे ओळखायची सोपी खूण: ज्या बाजूला मोटर धरून ठेवणारे प्लॅस्टिकचे आडवे दांडे दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर. पटत नसेल तर कॉम्प्युटर चालू करून टिश्यू पेपरची पट्टी कॅबिनेटच्या बाहेरून प्रत्येक पंख्याच्या जाळीसमोर धरा. चिकटली तर पंखा हवा आत घेतोय, उडाली तर बाहेर टाकतोय. समोरून आत, मागून आणि वरून बाहेर, ही मांडणी बहुतेक कॅबिनेटना मानवते. प्रोसेसरच्या उंच कूलरवर दोन पंखे असतील तर दोघांचं तोंड एकाच दिशेला हवं. समोरासमोर फुंकणारे पंखे मी स्वतः पाहिलेले आहेत, आणि जोडणाऱ्याला ते सहा महिने कळलं नव्हतं.

समोर अख्खी काच असलेलं कॅबिनेट दिसायला देखणं, पण हवा घ्यायला कडेची बोटभर फट. काच काढून एकदा चाचणी करा. फरक मोठा असेल तर पुढचा खर्च कूलरवर नको, जाळीदार कॅबिनेटवर करा. आणि कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलं असेल तर बाकी काही करण्याआधी ते बाहेर काढा.

धूळ काढताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या डब्याने किंवा ब्लोअरने मोकळा पंखा भन्नाट फिरतो, त्यात त्याचं बेअरिंग बिघडतं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीच्या टोकाशी स्थिर वीज साठते. वॉटर कूलर (पाण्याने उष्णता वाहून नेणारा) असेल तर त्याचा पंखा स्क्रू काढून बाजूला करा आणि पंखा व रेडिएटर (पाणी गार करणारी जाळी) यांच्यामध्ये बघा. वरून स्वच्छ दिसणाऱ्या रेडिएटरवर आतल्या बाजूला राखाडी नमद्यासारखा थर बसलेला असतो. चिमटीत धरून ओढला तर कापडासारखा अख्खा निघतो. तो निघाला की पुढचं सगळं वाचायची गरजच उरत नाही, असंही होतं.

चौथी पायरी: वीज आवरा

अनेक मदरबोर्ड, विशेषतः महागडे, प्रोसेसर कंपनीने सांगितलेल्या वीज मर्यादा मूळ मांडणीतच मोकळ्या सोडतात. त्याने चाचण्यांतले आकडे चांगले दिसतात आणि तापमान तुमच्या गळ्यात पडतं. इंटेल असेल तर बायोसमध्ये पीएल१ आणि पीएल२ (सतत आणि थोड्या वेळासाठी घ्यायच्या विजेच्या मर्यादा) शोधा आणि तुमच्या मॉडेलसाठी इंटेलने दिलेले वॅट तिथे भरा. ‘मल्टिकोअर एन्हान्समेंट’ असा, सगळ्या कोअरना कमाल वेगाने पळवणारा काही पर्याय चालू असेल तर बंद करा. रायझनमध्ये ‘इको मोड’ असतो. तो लावला की ७००० मालिकेतला १०५ वॅट वर्गातला प्रोसेसर १४२ ऐवजी ८८ वॅटवर थांबतो. व्हिडिओ रेंडर करणाऱ्याला याचा फटका जाणवेल. गेममध्ये प्रोसेसर क्वचितच सगळे कोअर पिळून काढतो, त्यामुळे खेळणाऱ्याला फरक बहुधा जाणवतही नाही.

व्होल्टेज कमी करणं, म्हणजे अंडरव्होल्ट, ही त्यापुढची पायरी. रायझनवर ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’मध्ये सगळ्या कोअरना उणे १० देऊन सुरुवात करा, आठवडाभर वापरा, मग हवं तर उणे १५. कोणाच्या तरी प्रोसेसरला उणे ३० चाललं म्हणून तुमच्याला चालेल असं नाही. जास्त झाल्याची खूण फसवी असते: गेम झकास चालतो आणि कॉम्प्युटर रिकामा असताना अचानक रीस्टार्ट होतो.

इंटेलचा तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा प्रोसेसर असेल तर बायोस अपडेट आधी करा. यांतले काही प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत आणि त्यामुळे कालांतराने अस्थिर होत, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं. त्यावरचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला दुरुस्त केलेला प्रोग्रॅम), ०एक्स१२९ आणि त्यानंतरचे, बायोस अपडेटमधूनच येतो. बाधित मॉडेलची वॉरंटीही कंपनीने दोन वर्षांनी वाढवली. गेम सतत बंद पडत असेल तर नुसत्या तापमानाच्या मागे लागून ही गोष्ट निसटू देऊ नका.

‘विंडोजमध्ये प्रोसेसरची कमाल अवस्था ९९ टक्के करा’ हा सल्लाही कानावर येईल. त्याने तापमान खरंच उतरतं, कारण टर्बो वेगच, म्हणजे गरजेनुसार मिळणारा वाढीव वेग, बंद होतो. दोन तास निभावून न्यायला ठीक आहे.

पाचवी पायरी: कूलर उतरवायचा असेल तर

इथवर येऊनही चढण तीच, दोन सेकंदांत मर्यादेला टेकणारी, तर आता स्क्रूड्रायव्हर. सोबत आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सोडणारं कापड आणि नवी पेस्ट ठेवा.

उतरवण्याआधी कॉम्प्युटर पाच-दहा मिनिटं कामाला लावून गरम करा, मग बंद करा. गरम पेस्ट मऊ असते. एएम४ सॉकेटच्या (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) रायझनसाठी तर हे विसरूच नका. त्यात पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, आणि वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर बंद सॉकेटमधून उपटून बाहेर येतो. कूलर सरळ वर ओढू नका. डावी-उजवीकडे हलकेच पिळत राहा, सुटल्याचं हाताला कळतं. एएम५ आणि इंटेलमध्ये प्रोसेसर पत्र्याच्या पट्टीने दाबलेला असतो, तिथे ही भीती कमी.

आता पुसायची घाई करू नका. कूलरचा तळ उलटा धरून पेस्टचा ठसा वाचा. बरोबर बसलेल्या कूलरचा ठसा मधोमध पातळ असतो, इतका की खालचं तांबं किंवा निकेल अंधूक दिसतं, आणि कडेला पेस्टची बारीक कड साचलेली असते. एका कोपऱ्यात पेस्ट जाड, लोण्यासारखी, आणि समोरच्या कोपऱ्यात जवळपास नाहीच? कूलर तिरका बसला होता, स्क्रू एका बाजूचे आधी आवळले गेले. मध्ये पेस्टचा ठिपका जसाच्या तसा, पसरलेलाच नाही? दाबच पडला नव्हता. कडा करकरीत, पावडर होऊन झडणाऱ्या? पेस्ट वाळली. आणि तळावर पारदर्शक प्लॅस्टिकची चिकटपट्टी, तिच्यावर ‘लावण्याआधी काढा’ असं लिहिलेलं? हसू नका, हे भल्याभल्यांचं झालेलं आहे.

ठशाचा फोटो काढून ठेवा, मग पुसा. अल्कोहोलने ओलसर केलेलं कापड प्रोसेसरवर बाहेरून आत फिरवा, म्हणजे पेस्ट कडेला सांडत नाही. नवी पेस्ट वाटाण्याएवढी, मधोमध. एएम५ च्या प्रोसेसरवर किंवा इंटेलच्या लांबट प्रोसेसरवर थोडी जास्त चालते. प्रमाणाबद्दल लोक तावातावाने भांडतात, पण साध्या, वीज न वाहणाऱ्या पेस्टमध्ये थोडी जास्त झाली तर फक्त पसारा होतो. कमी पडली तर तापतं. लिक्विड मेटलच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नका. ते वीज वाहतं, आणि त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम पोखरतं.

कूलर सरळ खाली ठेवा, उचलून परत ठेवू नका. चारही स्क्रू आधी दोन-दोन आटे धरवून घ्या, मग कर्णाने: वरचा डावा, खालचा उजवा, वरचा उजवा, खालचा डावा. प्रत्येकाला दोन फेरे, पुन्हा पहिल्यापासून, स्क्रू थांबेपर्यंत.

जुना कूलर नव्या मदरबोर्डवर बसवताना एक खड्डा आहे. इंटेलच्या जुन्या एलजीए ११५एक्स आणि १२०० सॉकेटभोवतीची भोकं ७५ मिलिमीटर अंतरावर होती, एलजीए १७०० ची ७८ वर आहेत आणि प्रोसेसरची उंचीही कमी आहे. जुनी पट्टी ओढूनताणून बसवली तर वरून ठीक दिसतं, पण दाब पुरेसा येत नाही. कूलर कंपनीकडून त्या सॉकेटची पट्टी मागवा. एलजीए १७०० मध्ये सॉकेटचा पत्राच प्रोसेसरला मध्ये दाबून किंचित वाकवतो, त्यासाठी वेगळी चौकट मिळते आणि तिने काही अंश उतरतात. पण ती शेवटी, बाकी सगळं करून झाल्यावर. आणि हो, पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ छापलेल्या पिनांवर.

वॉटर कूलर असेल तर

पाणी सावकाश तापतं, त्यामुळे वॉटर कूलरची खरी परीक्षा अर्ध्या तासानंतरच होते. दहा मिनिटांचा आकडा बघून खूश होऊ नका. पंपाच्या फेऱ्या एचडब्ल्यूइन्फोमध्ये दिसतात का ते बघा, आणि पंप ज्या पिनांवर जोडला आहे तिथे वेग कायम पूर्ण ठेवा. पंप पंख्यासारखा वर-खाली करायची वस्तू नाही.

पंप बंद पडला की लक्षणं स्पष्ट असतात: नुसता ब्राउझर उघडला तरी मिनिटाभरात ८०-९०, प्रोसेसरजवळचा भाग तापलेला आणि रेडिएटर मात्र गार. नळ्यांना हात लावून बघा. फेऱ्यांचा आकडा दिसतोय पण रेडिएटर गारच, तर आत प्रवाह अडलेला आहे. खळखळ आवाज येत असेल तर हवा पंपात शिरतेय. पंप त्या बंद चक्रातली सगळ्यात उंच जागा असता कामा नये. रेडिएटर वरच्या छताला लावा, किंवा समोर लावायचा तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच राहील असं बघा, म्हणजे हवा तिथे जाऊन बसते. बंद पडलेला पंप घरी दुरुस्त करायच्या फंदात पडू नका, वॉरंटीचा कागद शोधा.

तापमानाचा संबंधच नसेल तेव्हा

कॉम्प्युटर खेळता खेळता अचानक बंद होतो आणि सगळा दोष प्रोसेसरवर येतो. खात्री करायला एचडब्ल्यूइन्फोमध्ये नोंद फाइलमध्ये साठवण्याचं बटण असतं, ते चालू ठेवून खेळा. बंद पडल्यावर पुन्हा सुरू करून ती फाइल उघडा आणि शेवटची ओळ बघा. प्रोसेसर मर्यादेला टेकलेला दिसला तर पहिल्या पायरीवर परत या. शेवटच्या ओळीत ७१ असेल आणि त्याआधीची पंधरा मिनिटंही तसलीच, तर प्रोसेसरचा कूलर सोडून द्या. त्याच फाइलमध्ये ग्राफिक्स कार्डच्या ‘हॉट स्पॉट’चा, म्हणजे त्याच्या चिपवरच्या सगळ्यात तापलेल्या जागेचा, आकडा बघा, तोही ठीक असेल तर दुसरा पॉवर सप्लाय लावून तोच गेम खेळून बघा.